इंग्लंडचं वार्तापत्र: ‘चांगलं’ शेऱ्यामागचं घर

ब्रिस्टलच्या वेशीवरच्या हॅम्ब्रुकमध्ये विंटरबोर्न व्ह्यू नावाचं चोवीस खाटांचं खाजगी रुग्णालय होतं. बौद्धिक अक्षमता आणि स्वमग्नता असलेल्यांना तिथे ठेवलं जाई. माणशी आठवड्याला सरासरी साडेतीन हजार पौंड सरकारी तिजोरीतून जात. ३१ मे २०११ला बीबीसीच्या ‘पॅनोरामा’ने छुप्या कॅमेऱ्यातून तिथला रोजचा छळ देशाला दाखवला. अकरा कर्मचाऱ्यांवर गुन्हे शाबीत झाले, सहा जण तुरुंगात गेले.

टेरी ब्रायन या ज्येष्ठ नर्सने त्याआधीच व्यवस्थापनाकडे आणि सरकारी तपासणी यंत्रणेकडे तक्रार केली होती. दोन्हीकडे दाद लागली नाही, म्हणून तो बीबीसीकडे गेला. मला त्या चित्रणापेक्षा हे जास्त छळतं.

ही यंत्रणा म्हणजे केअर क्वालिटी कमिशन. इंग्लंडमधलं प्रत्येक निवासी केंद्र तिच्याकडे नोंदवावं लागतं. निरीक्षक येतात आणि केंद्र सुरक्षित आहे का, माया आहे का, कारभार नीट आहे का, असं पाहून ‘उत्कृष्ट’पासून ‘अपुरं’पर्यंत शेरा देतात. अहवाल कुणालाही वाचता येतो. आपल्या मुलासाठी जागा शोधणारे आईबाप आधी तो शेरा पाहतात. पण डरहॅम परगण्यातल्या व्होर्लटन हॉल या अशाच रुग्णालयाला ‘चांगलं’ असा शेरा होता आणि २०१९मध्ये तिथेही छुपा कॅमेराच न्यावा लागला. २०१५च्या तपासणीचा अहवाल तर प्रसिद्धच झाला नव्हता. एक-दोन दिवसांसाठी आलेल्या निरीक्षकाला फायली दिसतात, रात्रपाळी दिसत नाही.

म्हणून मी इथलं एखादं केंद्र पाहायला गेलो की भिंतीवरच्या शेऱ्यापेक्षा रहिवाशाचा ‘हॉस्पिटल पासपोर्ट’ मागून घेतो. रुग्णालयात जाताना सोबत द्यायचा हा कागद. बहुधा लाल, पिवळ्या, हिरव्या रंगात विभागलेला. लाल भागात जिवाशी गाठ असलेल्या गोष्टी. पाच जणांच्या एका छोट्या घरात असा एक कागद पाहिला. त्यात लिहिलं होतं: पाणी घट्ट करूनच द्या, नाहीतर ठसका लागतो, पोट दुखलं की तो बोलत नाही, डाव्या कानावर मारून घेतो. हे लिहिणारी बाई त्या घरात वर्षानुवर्षं कामाला होती. नवख्या माणसाने ते कानावर मारणं ‘वर्तन समस्या’ म्हणून नोंदवलं असतं आणि गुंगीची गोळी दिली असती. गोळ्यांचा असा मारा थांबवण्यासाठी इथल्या आरोग्यसेवेला २०१६मध्ये मोहीमच काढावी लागली.

माहिती असूनही तिच्याकडे लक्ष दिलं नाही की काय होतं, हे ऑक्सफर्डच्या स्लेड हाऊस या उपचार केंद्रात दिसलं. अठरा वर्षांच्या कॉनर स्पॅरोहॉकला अपस्माराचे झटके येत, हे ठाऊक असूनही ४ जुलै २०१३ला तो आंघोळीच्या टबात एकटा होता. तिथेच झटका येऊन बुडाला. त्याची आई सॅरा रायन वर्षानुवर्षं लढली, तेव्हा कुठे २०१८मध्ये ते केंद्र चालवणाऱ्या सरकारी आरोग्य ट्रस्टला दंड झाला.

आणि रहिवाशांना नीट ओळखणारे कर्मचारीच नेमके टिकत नाहीत. पगार किमान वेतनाच्या आसपास, पाळ्या लांबलचक. २०२२मध्ये सरकारने या कामासाठी व्हिसा खुला केला. भारतातूनही, विशेषतः केरळमधून, पुष्कळ जण आले. जुलै २०२५मध्ये परदेशातून नवी भरती बंद झाली. पगार वाढवल्याशिवाय ही खिंडारं बुजतील, असं मला वाटत नाही.

एक बदल मात्र मला मोलाचा वाटतो. कोविडच्या काळात केंद्रांची दारं बंद झाली, तेव्हा आत काय चाललंय हे आईबापांनाही कळेनासं झालं. एप्रिल २०२४पासून रहिवाशाला भेटायला येणाऱ्याला सबळ कारणाशिवाय अडवता येत नाही, असा नियम आहे. मुलाच्या दंडावरचा वळ निरीक्षकाच्या आधी त्याच्या आईला दिसतो. तिने विचारलेल्या प्रश्नाला ‘कुटुंब त्रासदायक आहे’ असं उत्तर मिळू लागलं, तर त्याच दिवशी निरीक्षक पाठवायला हवा.