औषधाआधी लीद तपासा

दर दोन महिन्यांनी तबेल्यातल्या सगळ्या घोड्यांना जंताचे औषध, हा शिरस्ता १९६० च्या दशकात रुळला. तेव्हा तो योग्यही होता. 'स्ट्रॉन्जिलस व्हल्गॅरिस' या मोठ्या जंताच्या अळ्या आतड्याला रक्त पुरवणाऱ्या धमनीत शिरून जीवघेणा पोटशूळ उठवत. औषधाने तो आटोक्यात आला.

आता चिंता आहे ती लहान स्ट्रॉन्जाइल जंतांची. त्यांच्या अळ्या आतड्याच्या अस्तरात कोष करून महिनोन्महिने दडून राहतात. त्या एकदम बाहेर पडल्या, तर तीव्र हगवण लागून घोडा दगावू शकतो. सरसकट औषधाने कमकुवत जंत मरतात, चिवट उरतात आणि त्यांचीच पैदास वाढते. बेन्झिमिडाझोल गटातील औषधांना हे जंत अनेक देशांत दाद देत नाहीत.

उपाय साधा आहे. लिदीतील अंडी सूक्ष्मदर्शकाखाली मोजावीत. साधारण २० टक्के प्रौढ घोडेच ८० टक्के अंडी टाकतात; वारंवार औषध लागते ते त्यांनाच. कोषातल्या अळ्या मात्र या तपासणीत दिसत नाहीत, म्हणून पशुवैद्यकाचा सल्ला हवाच. कुरणातली लीद आठवड्यातून दोनदा उचलली, तरी संसर्गाला आळा बसतो. हाताशी औषधांचे मोजकेच गट आहेत. ते जपून वापरलेले बरे.