मागच्या खोलीचा आशीर्वाद

पुनरुत्थानाच्या सणानंतर घरे आशीर्वादित करण्यासाठी आम्ही दारोदार फिरतो, तेव्हा पुढचा सोपा बहुतेक ठिकाणी लख्ख असतो. वेदीवर नवी मेणबत्ती, खुर्चीवर धुतलेला टॉवेल, तसबिरीला ताजा हार. साऱ्या खोल्यांतून आशीर्वादित पाणी शिंपडत जावे हा प्रघात आहे. परंतु मागच्या खोलीपाशी पोहोचलो की घरची बाई दाराला पाठ लावून उभी राहते. ‘फादर, तिथं काही नाही, नुसती अडगळ आहे.’ आणि आम्हीही, पुढची दहा घरे वाट पाहत असतात म्हणून, बाहेरूनच क्रूसाची खूण करून निघतो. खानापूरकडील एका घरी गेल्या वर्षी मात्र तसे झाले नाही.

आमच्या भांड्यातील पाणी संपले होते. आजीबाई म्हणाल्या, जागरणविधीच्या रात्री चर्चमधून आणलेले पाणी घरात आहे, आणि त्यांनी सात वर्षांच्या नातवाला आत पिटाळले. तो सरबताची हिरवी बाटली घेऊन आला. बूच घट्ट होते म्हणून दातांनी सैल करूनच आणले होते. आम्ही ते काढले तोच उग्र वास आला. आत उसासाठी शेजाऱ्याकडून ‘थोडेसे’ मागून आणलेले वाळवीचे औषध होते. आशीर्वादित पाण्याची बाटली त्याच फळीवर, त्याच आकाराची, तिच्या मागे उभी होती. मुलाला भरपूर पाण्याने चुळा भरायला लावल्या, हात साबणाने धुतले आणि ती बाटली बरोबर घेऊन तालुक्याचा दवाखाना गाठला. मुलगा सुखरूप आहे. त्या दिवसाची उरलेली घरे राहिली ती राहिलीच. हे छापावे असे त्या घरच्यांनीच आम्हाला सांगितले, म्हणून लिहीत आहोत.

आपल्या भाषेचाही यात थोडा दोष आहे. तापाच्या गोळीला आपण औषध म्हणतो आणि किड्यांच्या विषालाही औषधच म्हणतो. लहान मुलाने काय समजावे? जुलै २०१३ मध्ये बिहारच्या सारण जिल्ह्यात शाळेतील दुपारच्या जेवणातून २३ मुले दगावली. स्वयंपाकाच्या तेलात मोनोक्रोटोफॉस हे कीटकनाशक आढळले होते. स्वयंपाकाच्या वस्तू आणि शेतातील विष एका छपराखाली सरमिसळ झाले की डोळे उघडे असूनही माणूस फसतो. तेव्हा वाचकहो, विष कधीही दुसऱ्या बाटलीत ओतू नये, शेजाऱ्याने मागितले तरी देऊ नये. मूळ डब्यावर चौकोनात रंगीत त्रिकोण असतो : लाल सर्वांत जहाल, मग पिवळा, निळा, हिरवा. हिरवा म्हणजे निर्धोक असा समज कोणी करून घेऊ नये. पॅराक्वॅट या तणनाशकावर तर खात्रीचा उतारा नाही. एक घोटही जिवावर बेततो. चुकून कोणाच्या पोटात विष गेलेच तर मीठपाणी पाजून ओकारी काढण्याच्या भानगडीत पडू नये. डबा बरोबर घ्यावा आणि दवाखाना गाठावा. १०८ क्रमांकाची गाडी बोलवावी.

आता मूळ प्रश्न. दर सणाला घर आवरूनही अडगळ पुन्हा का साठते? आमचे मत असे की आपण घर पाहुण्यासाठी आवरतो, वस्तूसाठी नाही. नाताळ आला की सोप्यातला पसारा माजघरात, माजघरातला मागे आणि मागचा माळ्यावर. जागा बदलली, वस्तू तशीच. दुसरे म्हणजे यात बायकांना बोल लावला जातो तो अन्यायाचा आहे. मागच्या खोलीत आम्ही स्वतः काय पाहिले? मोटारीचे जळके सुटे भाग, पाइपचे तुकडे, गळका फवारणी पंप, खताची रिकामी पोती. यांतले घरच्या बाईचे काहीच नाही, आणि तिला ते फेकण्याचा अधिकारही नाही.

बऱ्याच घरांत खरी अडचण यापेक्षा खोल असते. वडील वारले, वाटणी झाली नाही, एक भाऊ गोव्यात, दुसरा आखातात. वडिलांचे इंजिन, मोडकी बैलगाडी, पितळी हंडे यांना हात लावला तर ‘विकून खाल्ले’ असा बोल येईल, म्हणून कोणीच हात लावत नाही. अशी अडगळ झाडूने निघत नाही. ती निघायला भावांनी एकदा समोरासमोर बसावे लागते. आम्ही दोन घरांत मध्ये बसलो आहोत. एका घरात तासाभरात काम झाले. दुसऱ्या घरात इंजिन अजून तिथेच आहे.

सेमिनरीत आम्हाला संत बेनेडिक्टची नियमावली वाचावी लागे. सहाव्या शतकात लिहिलेल्या या ग्रंथात प्रार्थनेबरोबरच फावडी-भांड्यांचाही विचार आहे, याचे तेव्हा हसू यायचे. एकतिसाव्या प्रकरणात मठाच्या कोठावळ्याला सांगितले आहे की सारी भांडी वेदीवरील पवित्र पात्रांसारखी मानावीत. पुढच्याच प्रकरणात मठाधिपतीने अवजारांची यादी ठेवावी, कोणाला काय दिले आणि काय परत आले ते कळावे, असे आहे. पंचावन्नाव्यात तर नवा कपडा घेणाऱ्याने जुना तेथल्या तेथे परत करावा, तो गरिबांच्या कामी यावा, असा दंडक आहे. आज आम्हाला हसू येत नाही. नवे ताडपत्र आले त्याच दिवशी जुने कोठे जाणार हे ठरवले, तर माळ्याची निम्मी गरज संपेल.

एका बांधवाने आम्हाला अडवले : ‘पण प्रभूनेच उरलेले तुकडे गोळा करायला सांगितले ना?’ खरे आहे. परंतु ते टोपल्यांत भरले, आणि बारा टोपल्या मोजल्या गेल्या.

शेतकऱ्याच्या घरात हा निव्वळ नीटनेटकेपणाचा प्रश्न नाही. जुन्या पोत्यांच्या शिवणीत सोंड्यांची अंडी राहतात आणि सुगीचे नवे भात त्यांतच भरले की किडे आपोआप येतात. पोती उलटी करून उकळत्या पाण्यात बुडवावीत, कडक उन्हात वाळवावीत. फाटकी असतील तर ती गोठ्यात अंथरायला काढावीत. भरलेली पोती फळ्यांवर, भिंतीपासून हातभर दूर रचावीत, म्हणजे मागे उंदीर घर करत नाही आणि मांजरालाही वाट राहते. उंदराच्या मुतातून लेप्टोचा ताप येतो, उंदरामागे साप येतो. धान्यात घालायच्या त्या करड्या गोळ्या मात्र राहत्या घरात मुळीच नकोत. ओलाव्याने त्यांतून विषारी वायू सुटतो आणि झोपलेली माणसे उठत नाहीत.

परड्यातले टायर, करवंट्या, फुटकी मडकी पावसाळ्याआधी हलवावीत. डेंग्यूचा डास स्वच्छ साठल्या पाण्यात आठदहा दिवसांत तयार होतो आणि त्याची अंडी कोरड्या कडेला कित्येक महिने टिकतात. म्हणून हौद, पिंप नुसते रिकामे न करता आठवड्यातून एकदा आतून घासावे. शनिवारची संध्याकाळ बरी.

त्या घरी आता गोठ्याच्या भिंतीला, मुलाचा हात पोहोचणार नाही अशा उंचीवर, कुलपाची लोखंडी पेटी आहे. रिकामा डबा तीन वेळा विसळून ते पाणी फवारणीच्या पंपातच ओततात, मग डब्याला भोक पाडतात. मुदत संपलेल्या विषाचे काय करावे, हे विचारायला घरधनी रयत संपर्क केंद्रात जाऊन आला. हिरव्या बाटल्या घरात उरल्या नाहीत.

तुटलेल्या जपमाळा, फुटक्या मूर्ती टाकवत नाहीत म्हणून कित्येकांचे फडताळ भरले आहे. त्या चर्चमध्ये आणून द्याव्यात. आशीर्वादित वस्तू जाळून किंवा पुरून मार्गी लावण्याची रीतच आहे. झावळ्यांच्या रविवारच्या जुन्या झावळ्याही आणाव्यात, राखेच्या बुधवारची राख त्यांचीच होते. आमच्या सॅक्रिस्टीतील तीन खोकी आम्ही या महिन्यात रिकामी केली. नाताळच्या गोठ्यातील पाय मोडलेला लाकडी उंट तेवढा राहिला आहे. सुतारकाम येणाऱ्या कोणी रविवारच्या मिस्सानंतर भेटावे.