माझी नऊ किलोमीटरची सायकल

(द्वितीय वर्ष कला)

आपल्या कॉलेजच्या स्टँडवर मोटारसायकलींची रांग लागते, आणि कुंपणाच्या भिंतीकडेला पाच-सहा सायकली उभ्या असतात. त्यांतली साडीगार्ड लावलेली, हिरव्या रंगाची लेडीज सायकल माझी. वर्षभरात ती पाहायला मागणारे बरेच निघाले. काही कुतूहलाने, काही थट्टेने, तर अलीकडे काहीजणी खरोखरच घ्यायच्या विचाराने. प्रत्येकीला तेच ते सांगत बसण्यापेक्षा एकदाच लिहून काढावे, म्हणून हा लेखनप्रपंच. यात साहित्य शोधू नये. रोज ये-जा करण्यासाठी सायकल कशी तयार करावी, एवढाच विषय आहे.

प्रथम कारण सांगते. आमची वाडी कॉलेजपासून नऊ किलोमीटर. सकाळी यायला बस आहे. परतीची एक दुपारी साडेतीनला, आणि त्यानंतर एकदम रात्री साडेसातला. कलाशाखेच्या बऱ्याच विषयांना साडेतीनची गाडी पुरते. परंतु मी घेतलेल्या भूगोलाची प्रात्यक्षिके असतात, ती साडेचारपर्यंत चालतात. साडेसातच्या गाडीने गेले तर फाट्यापासून वाडीपर्यंत अंधारात चालावे लागते. आमच्या घरातून बारावीच्या पुढे गेलेली मी पहिलीच, त्यामुळे अशा वेळी काय करतात हे विचारायला घरात कुणी नव्हते. "विषय बदल," असे आण्णा म्हणाले. ते रागाने नव्हे, काळजीने म्हणाले. मी सायकलचा हट्ट धरला. चार दिवसांनी त्यांनी होकार दिला, पण एक अट घातली : "सायकल अशी कर, की रस्त्यात तुला कुणाची मदत मागावी लागू नये."

अठराशे रुपयांना जुनी, २६ इंची सायकल मिळाली. वर साडेसातशे रुपये खर्च झाले. या साडेसातशे रुपयांत काय काय केले, आणि का केले, तेच पुढे सांगते.

सीटपासून सुरुवात करू. आपल्याकडे मुली सीट फार खाली ठेवतात, म्हणजे दोन्ही पाय जमिनीला सपाट टेकतात आणि धीर वाटतो. पण मग पेडल मारताना गुडघे पोटाकडे येतात आणि दोन किलोमीटरांतच मांड्या भरून येतात. सीटचे माप काढायची रीत सोपी आहे. भिंतीला धरून सीटवर बसावे, पेडल अगदी खाली न्यावे आणि त्यावर टाच ठेवावी. गुडघा सरळ झाला पाहिजे. नंतर टाचेऐवजी चवडा ठेवला की गुडघ्याला थोडासा बाक राहतो. तीच योग्य उंची. थांबल्यावर पायाची बोटे टेकतात, तेवढे पुरते. मात्र सीटची नळी निदान अडीच इंच आत राहिली पाहिजे, नाहीतर ती वाकते.

आता दात्यांचे गणित. जुन्या उंच चाकाच्या सायकलीत पेडल थेट पुढच्या चाकालाच असत. पेडलची एक फेरी म्हणजे चाकाची एक फेरी. म्हणून वेग हवा तर चाक मोठे करावे लागे, आणि पडले तर माणूस त्या उंचीवरून डोक्यावर आपटे. १८८५ साली इंग्लंडमध्ये जॉन केम्प स्टार्ली यांनी 'रोव्हर' सायकल काढली. जवळजवळ सारखी दोन चाके, मध्ये पेडल, आणि चेनने फिरणारे मागचे चाक. १८८८ साली जॉन बॉइड डनलॉप यांचा हवेचा टायर आला. आपण आज जी सायकल चालवतो तिचा सांगाडा तोच. चेनमुळे झाले असे, की वेग चाकाच्या उंचीवर न राहता दात्यांच्या संख्येवर आला.

माझ्या सायकलीला पुढच्या चक्राला ४४ दाते आणि मागच्या फ्रीव्हीलला १८ दाते होते. ४४ ला १८ ने भागले की २.४४ येतात, म्हणजे पेडलच्या एका फेरीत मागचे चाक जवळजवळ अडीच वेळा फिरते. २६ इंची चाकाचा घेर साधारण २ मीटर ६ सेंटिमीटर. गुणाकार केला की एका फेरीत सायकल पाच मीटर पुढे जाते. सपाट रस्त्यावर हे उत्तमच. परंतु आमच्या वाटेत खिंड आहे.

इथे भूगोलाचा उपयोग झाला. भारतीय सर्वेक्षण विभागाच्या एकास पन्नास हजार प्रमाणाच्या नकाशात दोन समोच्च रेषांमधील अंतर २० मीटर उंचीचे असते. प्रात्यक्षिकाच्या तासाला मी आमचा रस्ता शोधून काढला. खिंडीच्या चढावर तो ४० मीटर उंची चढतो, आणि तेही सुमारे ८०० मीटरांत. म्हणजे एकास वीसचा चढ. मी, सायकल आणि दप्तर मिळून वजन ७० किलो धरले, तर या चढावर त्याचा विसावा भाग, म्हणजे साडेतीन किलोचे ओझे, कुणीतरी सतत मागे ओढत आहे असे समजावे. वारा आणि रस्त्याचे घर्षण निराळेच. १८ दात्यांवर पेडलच्या प्रत्येक फेरीला मी २५ सेंटिमीटर उंच चढत होते, जणू तेवढ्या उंचीच्या १६० पायऱ्या. मागे २० दात्यांचे फ्रीव्हील टाकल्यावर एका फेरीत साडेचार मीटर अंतर आणि साडेबावीस सेंटिमीटर उंची झाली. पायऱ्या वाढून १७७ झाल्या, पण प्रत्येक पायरी ठेंगणी झाली. काम तेवढेच, पण ते पायाला झेपेल अशा हप्त्यांनी. पूर्वी मी खिंडीत अर्ध्यावर उतरून सायकल ढकलत असे. आता बसूनच चढते. सपाटीवर थोडा वेग कमी झाला, ही त्याची किंमत. फ्रीव्हील बदलायला खास पाना आणि दुकानातल्या काकांचे मनगट लागले. दोन दाते वाढल्यामुळे चेन तोकडी पडली, म्हणून मागचे चाक पाव इंच पुढे सरकवावे लागले.

फ्रीव्हीलच्या आत लहान खिट्ट्या असतात, त्यांना दुकानात 'कुत्रे' म्हणतात. पेडल मारले की हे कुत्रे आतल्या दात्यांत अडकतात आणि चाक फिरते. पेडल थांबवले की ते दात्यांवरून घसरतात, त्याचाच तो टरटर आवाज. चिखल जाऊन ते चिकटले तर पेडल नुसते गरगर फिरते आणि सायकल जागची हलत नाही. म्हणून तिथे पातळ तेल द्यावे, घट्ट वंगण भरू नये.

ब्रेक. माझे ब्रेक दांडीचे आहेत. त्यांची रबरे रीमला आतून, आऱ्यांच्या बाजूने दाबली जातात. पुष्कळजण पुढचा ब्रेक दाबायला घाबरतात. पण वेग कमी होताना सगळा भार पुढच्या चाकावर येतो, म्हणून थांबवण्याची खरी ताकद पुढच्याच ब्रेकमध्ये असते. दोन्ही ब्रेक बरोबर, पण हळूहळू दाबावेत. खडीवर आणि वळणावर पुढचा जपून. पावसाळ्यात लोखंडी रीम ओली झाली की रबर घसरते, आणि पहिले काही क्षण ब्रेक लागतच नाही. म्हणून उताराला लागण्याआधीच ब्रेक हलके टेकवून रीम पुसून घ्यावी. चाकाला 'आउट' असेल, म्हणजे ते डुलत फिरत असेल, तर ब्रेक कधी लागतो कधी सुटतो. हा आउट आरे कमीजास्त आवळून काढतात. ते काम अजून मी दुकानातच करून घेते.

आता पंक्चर. आमच्या रस्त्याला दोन्ही बाजूंना बाभळी आहेत, त्यामुळे हा विषय टाळता येत नाही. निम्मी पंक्चरे हवा कमी असल्याने होतात. टायर नरम असला की खड्ड्यात ट्यूब रीम आणि दगडाच्या मध्ये चिमटते, आणि शेजारी-शेजारी दोन चिरा पडतात. किती हवा भरायची ते टायरच्या बाजूवर छापलेले असते, तेवढी दर आठवड्याला भरावी. हवा उतरली तर आधी व्हॉल्व्हवर थुंकीचा थेंब लावून पाहावा. बुडबुडे आले तर पंक्चर नसून आतली रबरी नळी कुजली आहे, आणि ती दोन मिनिटांत बदलता येते. पंक्चरच असेल तर चाक काढायची गरज नाही. टायरची एक बाजू सोडवून ट्यूब बाहेर ओढावी, हवा भरून ती गालाजवळ फिरवावी, वारा लागतो तिथे भोक. ती जागा काचकागदाने घासावी, सोल्युशनचा पातळ थर द्यावा आणि तो सुकू द्यावा. घाई करून ओल्यावर ठिगळ लावले तर ते उखडते. आणि सर्वांत महत्त्वाचे, ट्यूब आत घालण्यापूर्वी टायरच्या आतून बोट सांभाळून फिरवावे. काटा तिथेच बसलेला असतो. तो न काढता केलेले पंक्चर फर्लांगभरही टिकत नाही. हे सर्व काकांनी माझ्याकडून दुकानासमोर तीन वेळा करून घेतले, आणि मगच सामान दिले. ठिगळे, सोल्युशन, काचकागद, दोन पट्ट्या आणि एक पाना, एवढे सीटखालच्या पिशवीत मावते. छोटा पंप नळीला बांधला आहे.

दिवा. पूर्वी टायरला घासून चालणारा डायनॅमो असे. त्याला बॅटरी लागत नसे, पण सायकल थांबली की उजेडही थांबे, आणि तो पायावर जरासा भार टाकी. मी बॅटरीवर चालणारा पांढरा दिवा पुढे आणि लाल दिवा मागे लावला आहे. डिसेंबरात आमच्याकडे सहाच्या सुमारास सूर्य मावळतो. ग्रंथालयात थोडे बसले की अंधार होतोच. त्यात ऊसतोडीच्या दिवसांत रस्त्यावर ट्रॅक्टरच्या ट्रॉल्या असतात. अशा वेळी आपल्याला रस्ता दिसण्याइतकेच आपण दुसऱ्याला दिसणे महत्त्वाचे असते. म्हणून मागच्या मडगार्डला चकाकणारी लाल पट्टी आणि दोन्ही पेडलांना पिवळे परावर्तक लावले. पेडल वरखाली होताना ते हलतात, आणि हलणारी वस्तू लांबून लवकर नजरेत येते.

राहिले कपडे आणि दप्तर. पूर्ण चेनकव्हर आणि मागच्या चाकावर साडीगार्ड असल्याशिवाय सलवार-ओढणीत सायकल चालवू नये. ओढणी आऱ्यांत गेली तर क्षणात गळा आवळला जातो. दप्तर खांद्याला न लावता कॅरियरवर रबरी पट्ट्याने बांधावे. पाठही वाचते आणि तोलही नीट राहतो.

वर्षातून एकदा, पावसाळा संपल्यावर, ओव्हरऑइलिंग करावे. सगळे छर्रे काढून रॉकेलमध्ये किंवा डिझेलमध्ये धुवायचे, नवे ग्रीस भरायचे. चेनची झीज मोजायला मात्र घरची पट्टी पुरते. चेनचे २४ सांधे म्हणजे बरोबर १२ इंच. ते एक अष्टमांश इंचाने जास्त भरले तर चेन बदलावी, नाहीतर ती दातेही खाते. पेडल बदलताना ध्यानात ठेवावे, की डाव्या पेडलचे आटे उलटे असतात. ते आवळायचे तर पाना डावीकडे फिरवावा लागतो.

आता सायकल दाखवण्याविषयी. वाडीतले लोक ती पाहायला येतात तेव्हा एक गंमत दिसते. तरुण मुले घंटी वाजवून बघतात. वडील माणसे दिवा लावून बघतात. आया साडीगार्डला हात लावून बघतात. आणि बारावीतल्या दोन मुली आल्या, त्यांनी फक्त विचारले, "किती वेळ लागतो?" चाळीस मिनिटे, मी सांगितले. त्या दोघी एकमेकींकडे पाहत राहिल्या.

त्या प्रश्नाचे मोल मोठे आहे. बिहार सरकारने २००६ साली नववीतल्या मुलींना सायकलसाठी पैसे देण्याची योजना सुरू केली. कार्तिक मुरलीधरन आणि निशीथ प्रकाश या अर्थशास्त्रज्ञांनी तिचा अभ्यास केला. त्यांना आढळले, की त्या वयाच्या मुलींचे माध्यमिक शाळेतले प्रमाण सुमारे ३२ टक्क्यांनी वाढले, आणि मुलगे-मुलींमधली तफावत ४० टक्क्यांनी घटली. शाळा तीन किलोमीटर किंवा त्याहून दूर असलेल्या गावांत हा परिणाम विशेष दिसला. आपल्याकडेही मानव विकास कार्यक्रमातून आठवी ते बारावीच्या गरजू मुलींना सायकली मिळतात. पण अंतर काही बारावीला संपत नाही. उलट कॉलेज शाळेपेक्षा लांबच असते. पुष्कळ मुली अभ्यासात नापास होत नाहीत, त्या अंतरात नापास होतात. माझा विषय बदलला असता तर निकालपत्रात त्याचे कारण कुठेच लिहिले गेले नसते.

म्हणून माझी नम्र सूचना अशी, की ज्यांच्या घरी जुनी सायकल गोठ्यात उभी असेल त्यांनी ती बाहेर काढावी. शनिवारी दुपारी मी स्टँडवर असते. सीटचे माप, दात्यांची मोजणी आणि पंक्चर या तीन गोष्टी मी तासाभरात शिकवीन. त्या दोघींपैकी एकीची सायकल पुढच्या आठवड्यात दुकानात जाणार आहे. तिच्या फ्रीव्हीलला १८ दाते आहेत, ते आम्ही मोजून ठेवले आहेत. आणि तृतीय वर्षाला विशेष विषय म्हणून मी भूगोलच घेणार आहे.