उंचीची भीती पायरीपायरीने उतरते

मुकुंदवाडीतल्या घरी बाहेरगावचे पाहुणे आले की एक दिवस देवगिरी किल्ल्यासाठी राखलेला असतो. खंदकावरचा पूल ओलांडायची वेळ आली की घोळक्यातले कुणीतरी मागे राहते. ‘तुम्ही या जाऊन, माझे गुडघे दुखतात,’ असे म्हणत खालीच सावलीत बसते. पुष्कळदा गुडघे ठणठणीत असतात. खरे कारण असते उंचीची भीती, आणि ते घरच्यांनाही सांगितलेले नसते.

किल्ला हुकला तर फार बिघडत नाही. पण हीच भीती पोटापाण्याच्या आड येऊ शकते. मुकुंदवाडीच्या शेजारीच चिकलठाण्याची औद्योगिक वसाहत आहे. शेडचे पत्रे बसवणे, रंगकाम, वायरिंग, टाक्यांची दुरुस्ती ही सगळी उंचावरची कामे. तिथे ‘मला भीती वाटते’ असे म्हणणे म्हणजे रोजी गमावणे, असे अनेकांना वाटते. मग कुणी हातपाय कापत असतानाही परातीवर चढतो, तर कुणी हाती आलेले चांगले काम काहीतरी सबब सांगून सोडतो.

अशी माणसे थोडी नाहीत. जर्मनीत झालेल्या आणि 2013 मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका पाहणीत सुमारे 28 टक्के लोकांनी उंचावर गेल्यावर आपल्याला कधी ना कधी त्रास झाल्याचे सांगितले होते. ज्यांची भीती आजार म्हणावी इतकी तीव्र असते, त्यांचे प्रमाण याहून बरेच कमी असते.

डोळ्यांना आधार मिळत नाही

थोडी भीती निसर्गानेच दिली आहे. एलेनॉर गिब्सन आणि रिचर्ड वॉक या अमेरिकी मानसशास्त्रज्ञांनी 1960 मध्ये रांगत्या बाळांवरचा एक प्रयोग प्रसिद्ध केला. जाड काचेच्या टेबलाच्या अर्ध्या भागात काचेला लागूनच चौकटीचे कापड होते, तर उरलेल्या भागात ते खूप खाली होते. त्यामुळे तिथे खोल कडा असल्याचा भास होई. 36 पैकी 27 बाळे जागची हलली, पण पलीकडून आई बोलावत असूनही त्या ‘कड्यावर’ फक्त तिघेच गेले.

गरगरण्यामागेही शरीराचे गणित आहे. तोल सांभाळण्यासाठी मेंदू डोळे, कानाच्या आतले तोलाचे अवयव आणि पाय-स्नायूंकडून येणारी जाणीव या तिघांवर विसंबतो. आपण स्थिर उभे असलो तरी शरीर किंचित झुलत असतेच. जवळची भिंत, झाड, खांब पाहून डोळे ते झुलणे ओळखतात आणि शरीर सावरते. कड्यावर मात्र समोरची वस्तू शेकडो फूट दूर असते. डोळ्यांना झुलणे कळत नाही, झोके वाढतात आणि पाय लटपटतात. अशा वेळी खाली बसावे, भिंतीला टेकावे किंवा जवळच्या स्थिर वस्तूकडे पाहावे. बरे वाटते.

टाळले की वाढते

भीतीच्या वेळी छाती धडधडते, तळहात घामेजतात, ‘आता चक्कर येऊन पडणार’ असे वाटते. प्रत्यक्षात या भीतीने शुद्ध हरपणे दुर्मीळ आहे. रक्त पाहून घेरी येते तेव्हा रक्तदाब एकदम उतरतो. उंचीच्या भीतीत तो उलट वाढलेला असतो.

माणूस मागे फिरला की धडधड लगेच थांबते. मेंदू त्यातून एवढेच शिकतो, की पळालो म्हणून वाचलो. पुढच्या वेळी भीती आणखी लवकर येते. आधी किल्ला सुटतो, मग गच्ची, मग सरकता जिना.

भीतीची शिडी

उपचार नेमका याच्या उलट चालतो. ज्या जागांची भीती वाटते त्यांची यादी करून त्यांना शून्य ते दहा गुण द्यायचे आणि सोप्यापासून सुरुवात करायची. मुकुंदवाडीत राहणाऱ्याची शिडी अशी असू शकेल: पहिल्या मजल्याची गॅलरी, मग भक्कम कठडा असलेली गच्ची, मग प्रोझोन मॉलचा वरचा मजला, आणि शेवटी देवगिरी. प्रत्येक ठिकाणी भीती निम्म्यावर येईपर्यंत थांबायचे. डोळे मिटून किंवा मोबाइलमध्ये तोंड घालून वेळ काढायचा नाही. भीती आपोआप ओसरते, हे मेंदूला अनुभवू द्यायचे. तीच पायरी सोपी वाटेपर्यंत पुन्हा पुन्हा करायची, मगच पुढची. किल्ल्यावर एक गोष्ट ध्यानात ठेवावी. चढताना नजर वर असते, उतरताना ती खाली जाते. म्हणून उतरणे अधिक जड जाते.

जर्मन कवी गटे यांनी 1770 च्या सुमारास, विद्यार्थिदशेत, स्ट्रासबर्गच्या कॅथेड्रलच्या मनोऱ्यावर वारंवार चढून ही भीती घालवल्याचे आत्मचरित्रात सांगितले आहे. मात्र ते कठडा नसलेल्या जागी उभे राहत. त्याचे अनुकरण नको. आता ही शिडी आभासी चष्म्यातूनही चढता येते. ऑक्सफर्डच्या संशोधकांनी 2018 मध्ये 100 प्रौढांवरचा अभ्यास प्रसिद्ध केला. ज्यांनी हा उपचार घेतला त्यांची भीती सरासरी 68 टक्क्यांनी घटली होती.

कामगारांसाठी एक गोष्ट महत्त्वाची. भीती घालवण्याचा सराव सुरक्षित जागीच करावा, कामाच्या परातीवर नव्हे. आणि भीती गेली तरी पट्टा, दोर, हेल्मेट सुटता कामा नये. भीती गेल्याने उंची कमी होत नाही.

डॉक्टरांकडे कधी जावे?

बिछान्यात कुशीवर वळताना किंवा सपाट जमिनीवरही सगळे फिरल्यासारखे वाटत असेल, तर ती उंचीची भीती नव्हे. त्यासाठी कान-नाक-घसा तज्ज्ञांकडे जावे. भीती सहा महिन्यांहून अधिक काळ टिकली असेल आणि तिच्यामुळे काम किंवा घरचे व्यवहार अडत असतील, तर मानसोपचारतज्ज्ञांना भेटावे. घाटी रुग्णालयात मानसोपचार विभाग आहे. 14416 या ‘टेलि-मानस’ क्रमांकावर चोवीस तास मोफत बोलता येते. मनाने झोपेच्या किंवा शामक गोळ्या घेऊन उंचावर चढणे मात्र जिवाशी खेळ ठरेल.

घरच्यांनीही चेष्टा करू नये आणि हात धरून ओढूही नये. पुढच्या सहलीत कुणी ‘गुडघे दुखतात’ म्हणाले, तर पुलापर्यंत तरी सोबत चालावे. त्या दिवसाची पायरी तेवढीच असू शकते.