चावडीतले दप्तर

कला शाखेच्या विद्यार्थिनीने डासाच्या पेशींवर लेख लिहावा हे काहींना चमत्कारिक वाटेल. परंतु या विषयाचे एक मूळ पुण्यात आहे, आणि तो समजण्यास प्रयोगशाळेपेक्षा गावच्या चावडीची ओळख अधिक उपयोगी पडते, असे माझे मत झाले आहे.

प्रथम पेशींविषयी. पुण्यात १९५२ साली व्हायरस रिसर्च सेंटर स्थापन झाले. तीच १९७८ पासूनची राष्ट्रीय विषाणू विज्ञान संस्था. तेथे के. आर. पी. सिंग यांनी १९६७ साली डासांच्या नुकत्या जन्मलेल्या अळ्या घेतल्या आणि त्यांच्या पेशी काचेच्या बाटलीत, पोषक द्रवात वाढविल्या. एक जात एडिस इजिप्ती, दुसरी एडिस अल्बोपिक्टस. अळी संपली, पेशी मात्र दुभंगत राहिल्या. एकीच्या दोन, दोहोंच्या चार, असा त्यांचा वंश चालू राहिला आणि देशोदेशींच्या प्रयोगशाळांत पोहोचला. मूळ उद्देश डासांतून पसरणारे विषाणू वाढवून पाहण्याचा होता. सुमारे २८ अंश उष्णतेवर या पेशी सुखाने वाढतात, फार लाड मागत नाहीत. पुढे १९७८ साली इगाराशी यांनी अल्बोपिक्टसच्या या वंशातून निवडलेली 'सी ६/३६' ही शाखा डेंग्यू व चिकुनगुन्याच्या अभ्यासात घरोघरीची झाली.

आता दप्तराविषयी. पेशीच्या केंद्रकात डी. एन. ए. असतो, हे आपण शाळेत शिकतो. ते तालुक्याचे दप्तर समजा. मूळ कागद कचेरीबाहेर जात नाही, त्याची नक्कल बाहेर जाते. ही नक्कल म्हणजे आर. एन. ए., आणि तिच्याबरहुकूम प्रथिने बनतात. परंतु पेशीत आणखी एक दप्तर आहे. अन्नातून ऊर्जा काढणाऱ्या ज्या तंतुकणिका, म्हणजे मायटोकॉन्ड्रिया, त्यांच्याजवळ स्वतःचा छोटा, वर्तुळाकार डी. एन. ए. असतो. डासात त्याची लांबी सुमारे सोळा-सतरा हजार अक्षरांची, जनुके अवघी ३७. माणसातही ३७च. कोट्यवधी अक्षरांच्या तालुका कचेरीपुढे ही चावडीतली एक चोपडी. पण तिच्यावाचून पेशीचा श्वास चालत नाही.

ही चोपडी जवळजवळ सर्वस्वी आईकडून येते, डासात आणि आपल्यातही. आमच्या सात-बाराच्या उताऱ्यावर आईचे नाव नाही. तिच्या आईचेही तिच्या गावच्या उताऱ्यावर नव्हते. पेशीतली ही एक नोंद मात्र आजीकडून आईला, आईकडून मला, अशीच उतरली आहे. हे वाचले तेव्हापासून हा विषय मला परका वाटेनासा झाला.

दोन दप्तरे म्हणजे दोन ठिकाणी नकला चालणार. मग पेशीत सापडलेली नक्कल कोठली, हे ओळखायचे कसे? युक्ती मोठी मार्मिक आहे. आर. एन. ए.मध्ये 'युरिडिन' नावाचा घटक लागतो. तो किरणोत्सर्गी करून पेशींना दिला की त्यानंतर लिहिलेली प्रत्येक नक्कल जणू चमकणाऱ्या शाईत उतरते. मग एथिडियम ब्रोमाइड हे रंगद्रव्य थोड्या प्रमाणात घालायचे. ते डी. एन. ए.च्या शिडीच्या पायऱ्यांमध्ये शिरून बसते. थोड्या मात्रेत चावडीतले लेखन थांबते, तालुक्याचे बरेचसे चालू राहते. नंतर सगळ्या नकला जेलमधून विजेच्या साहाय्याने लांबीप्रमाणे वेगळ्या करायच्या. जे पट्टे नाहीसे झाले ते चावडीचे.

१९७४ साली अमेरिकेत एम. आय. टी.मध्ये शेल्डन पेनमन व सहकाऱ्यांनी सस्तन प्राण्यांच्या आणि कीटकांच्या तंतुकणिकांतील नकलांची तुलना प्रसिद्ध केली. दोन्हींकडे नकलेच्या टोकाला 'ए' या अक्षराची शेपटी आढळली. ही शेपटी नुसती शोभेची नाही. प्रथिनाची ओळ संपली हे सांगण्यास 'यू-ए-ए' अशी तीन अक्षरे लागतात. चोपडीत काही जनुकांच्या शेवटी त्यातले पहिलेच अक्षर लिहिलेले असते! उरलेले दोन 'ए' शेपटीतून मिळतात, तेव्हा पूर्णविराम पुरा होतो. काटकसरीची ही परिसीमा म्हणावी लागेल. जनुकांमध्ये मोकळी जागाही फारशी नाही. लेखनिक अनेक नोंदी सलग उतरवीत जातो आणि मग नक्कल कापावी लागते. कापायचे कोठे? माणसाच्या पेशींत आत्तार्दी यांच्या गटाने १९८१ साली दाखविले की मधूनमधून येणाऱ्या छोट्या वाहक आर. एन. ए.च्या नोंदी याच कात्रीच्या खुणा. डासाच्या चोपडीतही अशा २२ नोंदी इतर जनुकांमध्ये विखुरलेल्या आहेत.

इतके स्वतःचे दप्तर असूनही चावडी स्वतंत्र नाही. तलाठी (पदाचे नाव आता बदलले, पण गावाच्या तोंडी तलाठीच) जसा वरून नेमलेला असतो, तसा येथे नक्कल करणारा प्रथिनरूपी लेखनिक, म्हणजे आर. एन. ए. पॉलिमरेज, केंद्रकाच्या हुकमाने बाहेर तयार होतो आणि मग तंतुकणिकेत पाठविला जातो. ३७ जनुकांत त्याचे जनुक नाही. म्हणूनच तंतुकणिका पेशीबाहेर काढून वेगळी वाढविता येत नाही. गंमत अशी की तंतुकणिका मुळात जीवाणूंच्या वंशातल्या, पण हा लेखनिक जीवाणूंच्या लेखनिकासारखा नाही. १९८७ साली यीस्टमध्ये त्याच्या जनुकाचे वाचन झाले तेव्हा तो जीवाणूंना मारणाऱ्या टी-७ सारख्या विषाणूंच्या लेखनिकाशी जुळला. विषाणू वाढविण्यासाठी पुण्यात बाटलीत घातलेल्या त्या पेशींच्या चावडीत अशा घराण्यातला लेखनिक आधीपासूनच बसलेला होता.