समीक्षकांची शाबासकी, खेळाडूंची कुरकुर

जपानच्या फ्रॉमसॉफ्टवेअरने २१ जून २०२४ रोजी ‘एल्डन रिंग’ या गेमची ‘शॅडो ऑफ द एर्डट्री’ ही पुरवणी आणली आणि समीक्षकांनी ती डोक्यावर घेतली. मेटाक्रिटिकवरची सरासरी शंभरात नव्वदच्या वर गेली. तीन दिवसांत ५० लाख प्रती खपल्या.

स्टीमवर मात्र खेळाडूंचा कौल ‘संमिश्र’ पडला.

तक्रारी मुख्यतः दोन होत्या: पीसीवर गेम अडखळतो आणि शत्रू नको इतके कठीण आहेत. मूळ गेममधल्या राडान आणि मोग या बॉसना हरवल्याशिवाय पुरवणीत पाऊलही ठेवता येत नाही. तरीही तिथवर पोचलेले कसलेले गडी सुरुवातीलाच गारद होऊ लागले. कारण इथे नुसती जुनी लेव्हल पुरत नाही. नकाशाभर विखुरलेले ‘स्कॅड्यूट्री’चे तुकडे शोधून बळ वाढवावं लागतं. तुकडे न जमवता थेट बॉसला भिडणारे सपाटून मार खात होते.

आठवडाभरातच अपडेट आलं आणि पहिल्या काही तुकड्यांचा प्रभाव वाढला. सप्टेंबरमध्ये शेवटच्या बॉसचे काही हल्लेही सौम्य झाले. वर्षअखेरीस ‘द गेम अवॉर्ड्स’मध्ये पुरवणी असूनही तिला ‘गेम ऑफ द इयर’चं नामांकन मिळालं, पुरस्कार ‘अ‍ॅस्ट्रो बॉट’ने पटकावला.