पाऊस पुसणारी माणसं

भर पावसात जुन्या ऑटोरिक्षाने गेलेल्यांना आठवत असेल, चालकाचा एक हात हँडलवर असायचा आणि दुसऱ्या हाताने तो काचेवरचा वायपर इकडून तिकडे फिरवत असायचा. मोटारींचे सुरुवातीचे वायपरही असेच हाताने चालत. त्यांचं अमेरिकेतलं पेटंट मिळवलं ते मोटारधंद्याशी काडीचाही संबंध नसलेल्या एका बाईंनी.

मेरी अँडरसन या अलाबामा राज्यातल्या बर्मिंगहॅमच्या. १९०२-०३च्या हिवाळ्यात त्या न्यूयॉर्कला गेल्या असताना ट्रामने निघाल्या होत्या. बाहेर बर्फमिश्रित पाऊस पडत होता आणि काचेतून काही दिसेना म्हणून चालकाने समोरची काच उघडी टाकली होती. गार वारा थेट त्याच्या तोंडावर येत होता. इतर उतारूंनी हे रोजचंच म्हणून सोडून दिलं असेल. अँडरसनबाईंनी मात्र घरी परतल्यावर त्यावर उपाय शोधला. काचेबाहेर रबराची पट्टी लावलेला दांडा, तो काचेला घट्ट टेकलेला राहावा म्हणून प्रतिभार आणि चालकाच्या हाताशी एक मूठ. पावसाळी दिवस सरले की दांडा काढूनही ठेवता यायचा.

१० नोव्हेंबर १९०३ रोजी त्यांना पेटंट मिळालं, क्रमांक ७४३८०१. त्या वेळी फोर्ड कंपनी जेमतेम पाच महिन्यांची होती. १९०५ मध्ये कॅनडातल्या एका कंपनीकडे त्यांनी हे पेटंट विकायला ठेवलं, तेव्हा या वस्तूला बाजारात म्हणावी तशी किंमत नाही, असं उत्तर आलं. १९२० मध्ये पेटंटची मुदत संपली आणि नेमक्या त्याच दशकात वायपर गाड्यांवर सर्रास दिसू लागले. कॅडिलॅकने १९२२ पासून तो आपल्या गाड्यांना कारखान्यातूनच बसवून द्यायला सुरुवात केली. अँडरसनबाईंच्या पदरात एक छदामही पडला नाही. अमेरिकेच्या राष्ट्रीय संशोधक सन्मान यादीत त्यांचं नाव लागलं ते २०११ मध्ये, मृत्यूनंतर ५८ वर्षांनी. हा उशीर आजही चीड आणतो.

दरम्यान बफेलो शहरात जॉन ओइशाय नावाच्या नाट्यगृह व्यवस्थापकाची गाडी १९१७ मध्ये पावसात एका सायकलस्वारावर आदळली. त्या धक्क्यातून ओइशाय वायपरच्या धंद्यात उतरले आणि त्यांची ट्रायको कंपनी उभी राहिली. पुढे ट्रायकोने इंजिनाच्या शोषणावर, म्हणजे व्हॅक्यूमवर चालणारा वायपर घरोघरच्या गाड्यांत पोचवला. चालकाचा हात मोकळा झाला, पण एक मोठी अडचण राहिली. अ‍ॅक्सिलरेटर पूर्ण दाबला की इंजिनातलं शोषण कमी होतं. त्यामुळे पावसात चढण आली की वायपर मंदावे, कधी थांबेच आणि उतारावर पाय उचलला की सपासप धावू लागे. विजेवरचे वायपर रुळल्यावर हा त्रास मिटला.

तरी रिमझिमीचा प्रश्न उरलाच. काच पुरती ओली नसताना सतत फिरणारा वायपर करकरतो आणि काचेवर फराटे उठवतो. डेट्रॉइटचे अभियंते रॉबर्ट कर्न्स यांना हे इतरांहून जास्त खटके. १९५३ मध्ये लग्नाच्या रात्री शँपेनचं बूच उडून त्यांच्या डाव्या डोळ्याची दृष्टी जवळपास गेली होती. पापणी क्षणभर मिटते, मग थांबते. वायपरनेही तसंच का करू नये, असं त्यांच्या मनात आलं. त्यांनी त्यासाठी केलेली जोडणी साधी होती. कपॅसिटर हळूहळू भरतो, तो किती वेगाने भरावा हे रेझिस्टर ठरवतो आणि पुरेसा भरला की ट्रान्झिस्टर मोटर चालू करतो. एक फेरी झाली की पुन्हा विसावा.

१९६०च्या दशकात कर्न्स यांनी ही रचना फोर्डला दाखवली. बोलणी फिसकटली आणि १९६९ मध्ये फोर्डच्या गाड्यांत थांबून-थांबून चालणारे वायपर आले. १९७८ मध्ये कर्न्स कोर्टात गेले. हे सुटे भाग आधीपासून सगळ्यांना ठाऊक आहेत, मग यात नवं काय, असा फोर्डचा बचाव होता. हा न्याय लावला तर इलेक्ट्रॉनिक्समधला कुठलाच शोध शोध ठरणार नाही! ज्यूरीनेही पेटंटचा भंग झाल्याचं मान्य केलं आणि १९९० मध्ये फोर्डने १ कोटी २ लाख डॉलरवर तडजोड केली. क्रायस्लरविरुद्धचा खटला कर्न्स यांनी बराचसा स्वतःच लढवला आणि जिंकला. त्यातून व्याजासह सुमारे ३ कोटी डॉलर मिळाले. पण त्यांना पैशांपेक्षा आपले वायपर आपणच बनवण्याचा हक्क हवा होता आणि तो मिळेपर्यंत पेटंटची मुदत सरली होती. या लढ्यात त्यांचा संसारही मोडला.

आजच्या अनेक गाड्यांत आरशामागे एक सेन्सर काचेला चिकटवलेला असतो. तो काचेत अवरक्त प्रकाश सोडतो. कोरड्या काचेतून बहुतेक प्रकाश परावर्तित होऊन परत येतो, थेंब पडले की त्यातला काही बाहेर निसटतो. परत आलेला प्रकाश जितका कमी, तितका वायपरच्या दोन फेऱ्यांमधला विसावा छोटा. तो विसावा किती असावा, हे ठरवायला कर्न्स यांच्या रचनेत चालकाला एक बटण फिरवावं लागे.